रेकॉर्डिंगला नजर लागत नाही

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना गावं लागतात. त्या गावांतल्या स्लॅबांवर ज्या छत्र्या दिसतात, त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या आहेत. मोजल्या नाहीत कधी, पण वादळात ज्या हलत नाहीत त्या माझ्या, असं धरून चाला. टीव्हीची छत्री, जिला शिकलेली माणसं डिश म्हणतात, ती बसवायचं काम मी केलं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिडीवर शिकलो.

या अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, "शालिकभाऊ, धंद्याच्या आठवणी लिहा, पण जन्मापासून नका सांगू." मी म्हटलं, जन्मापासून सांगायला मलाही फुरसत नाही. मला एका डब्याबद्दलच लिहायचं आहे. एचडी रेकॉर्डर. गुडघे गेले, शिडी सुटली, दुकान आता मुलगा पाहतो. पण त्या डब्याचं नाव काढलं की आजही माझे हात शिवशिवतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आभाळात उपग्रह आहे. आपल्या इथून तो दक्षिणेला, जरा पूर्वेकडे सरकून. तो जागचा हलत नाही, हलते ती छत्री. छत्रीच्या तोंडासमोर दांडीवर मुठीएवढं यंत्र असतं, ते वरून आलेलं चित्र पकडतं आणि वायरीतून घरातल्या डब्याकडे पाठवतं. साधा डबा म्हणजे नुसती तोटी. आलं ते सांडलं. पाहिलं तर पाहिलं, नाहीतर गेलं. रेकॉर्डर म्हणजे त्या तोटीखाली बांधलेली टाकी. त्याच्या आत डिस्क फिरते, कान लावला तर घरघर ऐकू येते. एक कार्यक्रम पाहता पाहता दुसरा साठवतो. मालिकेचं नाव एकदा सांगितलं की रोजचा भाग आपणहून भरून ठेवतो. त्यासाठी छत्रीपासून डब्यापर्यंत दोन वायरी लागतात. बरेच मिस्त्री एकच ओढायचे आणि निघून जायचे. मी दोन ओढल्याशिवाय शिडी उचलली नाही, गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी.

पहिल्यांदा हा डबा पाहिला तो अकोल्यात. कंपनीच्या माणसानं आम्हा सगळ्या छत्रीवाल्यांना एका हॉलमध्ये बसवलं होतं. पडद्यावर एक बाई बातम्या वाचत होती. त्यानं बटन दाबलं, तशी बाई तोंड उघडं ठेवून थांबली. तो म्हणाला, जा, चहा पिऊन या. आम्ही बाहेर जाऊन चहा प्यालो, बिडी ओढली, परत आलो. त्यानं बटन दाबलं आणि बाईनं तिचं वाक्य पुरं केलं.

इतकी वर्षं माणसं टीव्हीसाठी जेवण टाकून पळत यायची, आणि इथं टीव्ही माणसाची वाट पाहत होता. परत येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. मूर्तिजापूर यायच्या आधी त्याला झोप लागली. मी तरी सांगतच होतो.

पण चीज नवी आली की तिच्यासोबत नवी फजिती येते. अकोल्यात सरकीचे एक दलाल होते, आम्ही त्यांना सेठ म्हणायचो. दिवसभर भावाचं चॅनल लावून गादीवर बसायचे. त्यांना मी रेकॉर्डर बसवून दिला, थांबवायचं बटन शिकवलं. आठवडा झाला नसेल, त्यांचा फोन.

"शालिक, तुझा डब्बा खोटं बोलून राह्यला."

"डब्बा खोटं नाई बोलत सेठ. झालं काय?"

"मी म्हणतो भाव चढून राह्यला, समोरचा म्हणते पडला. टीव्हीवर माह्या डोयानं पाहून राह्यलो ना मी."

"दुपारी जेवाले उठले होते का?"

"उठलो होतो."

"उठताना काय दाबलं?"

"तू शिकवलं थेच. भाव चुकू नये म्हून थांबवला."

म्हणजे सेठ जेवून, वामकुक्षी घेऊन आले, बटन दाबलं, आणि भाव जिथे थांबवला होता तिथूनच पुढे चालू झाला. संध्याकाळपर्यंत ते जेवणाआधीच्या भावावर सौदे करत होते आणि अर्ध्या बाजाराला अडाणी म्हणत होते. मी जाऊन त्यांच्या रिमोटवर जे बटन दाबलं की टीव्ही 'आत्ता'वर येतो, त्याला हिरवी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डरच्या रिमोटला मी हिरवी पट्टी लावत आलो. कंपनीनं कधी लावली नाही.

एचडीचंही तसंच. साध्या चित्रात माणूस दिसतो, एचडीत त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. पण त्याला वायर वेगळी लागते. अमरावतीच्या एका मास्तरांनी वर्षभर जुनी लाल-पिवळी-पांढरी वायर लावून एचडी पाहिलं आणि येईल त्याला विचारलं, कसं स्वच्छ दिसते ना. मी खरी वायर लावून दिली तर म्हणाले, "हे जरा जास्तच दिसून राह्यलं शालिकभाऊ." त्यांना निवेदिकेच्या चेहऱ्यावरची पावडर दिसायला लागली होती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, हायवे सोडून आत एक गाव आहे. तिथले पुंडलिकराव आणि त्यांची बायको कांताबाई एक दिवस माझ्या दुकानात आले. पुंडलिकराव बाहेर फटफटीपाशीच उभे राहिले. कांताबाई आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जे होऊन गेलं थे मंग पाहता येते म्हणतात. खरं का?"

"येते बाई. मालिका, कीर्तन, काहीबी."

"मॅच?"

"मॅचबी येते."

"आन आपण पाहून राह्यलो हे तिकडे कयते का?"

"तिकडे म्हणजे कोणाले?"

"खेयणाऱ्यायले."

मी हसलो नाही. इतकी वर्षं घराघरांत शिरलो, कोणत्या प्रश्नाला हसायचं नाही ते मला समजतं.

त्यांची मुलगी वैष्णवी कबड्डी खेळत होती, राज्याच्या संघात पोचली होती. कांताबाईंनी तिचा खेळ जन्मात दोनदा पाहिला होता. पहिल्यांदा तालुक्याला, तेव्हा पोरीचं मनगट मोडलं. दुसऱ्यांदा अमरावतीला, तेव्हा शेवटच्या चढाईत तीच बाद झाली आणि संघ हरला. तिसऱ्या वेळी घरी पाहुणे आले म्हणून कांताबाई गेल्या नाहीत, आणि पोरगी बक्षीस घेऊन आली. तेव्हापासून या बाईनं मनाशी पक्कं केलं की आपल्या डोळ्यांत दोष आहे. त्या पुन्हा मैदानाकडे फिरकल्या नाहीत. टीव्हीवर दाखवायला लागले तर टीव्हीकडेही पाठ.

पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. मागच्या खेपेला घरी आली तेव्हा ती आईला म्हणाली होती, "साऱ्यायच्या आया येतात. तुले माहं खेयणं आवडतच नाई." आणि जाताना नीट बोललीही नव्हती.

मी म्हटलं, "मंग सांगून टाका ना तिले खरं काय थे."

"सांगतलं का थे मनात धरून खेयन ना भाऊ. पाय उचलताना माह्या डोयाचा इचार करन. मंग तर झालंच." कांताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मले एक डाव तिले सांगाचं आहे का मी तुले खेयताना पाह्यलं. पर खोटं नाई सांगाचं. खरंच पाहून सांगाचं."

मी म्हटलं, "रेकाडिंगले नजर लागत नाई, बाई. मॅच संपली, निकाल लागला, आता तुमी कितीबी पाहा. झालेलं कोण पाडते?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "ग्यारंटी?"

"डब्ब्याची एक वर्षाची. नजरेची कायमची."

बाई पहिल्यांदा हसली. बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "घ्याचा आहे डब्बा."

राष्ट्रीय स्पर्धा कापूस वेचणीच्या दिवसांत आली. वैष्णवीचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. मी आदल्या दिवशी त्यांच्या गावात जाऊन छत्री पुन्हा घट्ट केली, दोन्ही वायरी तपासल्या आणि डब्यात येणाऱ्या वेळापत्रकातून मुलींचा अंतिम सामना निवडून रेकॉर्डिंग लावलं. वेळ चारची होती. कांताबाईंनी तीन तीनदा विचारलं, लागलं ना? मी म्हटलं, मी बसवलेला डब्बा आहे, उद्या मी स्वतःच पाहायला येतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या थोडं आधी मी गावाच्या फाट्यावर पोचलो, तर गावातून फटाक्यांचा आवाज. मला वाटलं लग्न असेल. गावात शिरलो तर पोरं गुलाल घेऊन नाचत होती. पुंडलिकरावांच्या ओसरीत सगळं गाव जमलेलं. पुंडलिकराव मला मिठी मारून म्हणाले, "जिकलो ना शालिकभाऊ, जिकलो."

"अजून तर सुरूच व्हाचं आहे ना सामना."

"मुलाईचा सामना मागं ढकलला, मुलींचा आंधी घेतला. आमी दुपारपासून लावूनच बसलो होतो म्हून सापडला."

माझी नजर डब्याकडे गेली. रेकॉर्डिंग चालू असलं की त्याच्या तोंडावर लाल दिवा लागतो. लाल दिवा नव्हता. डबा बिचारा वेळापत्रकाप्रमाणे चारची वाट पाहत बसला होता, आणि मॅच त्याच्या डोळ्यांदेखत होऊन गेली होती. ओसरीतल्या एकाही माणसाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"बाई कोठी आहेत?" मी विचारलं.

"वावरात. सकायपासून एकटीच कापूस वेचून राह्यली. सांगून गेली, मले सांगाले येऊ नका, फटाके वाजले का मी समजून घेईन आन घरी येईन."

फटाके तर वाजले होते. म्हणजे बाई निघाली होती.

आता इथं डब्याची एक गोष्ट सांगावी लागते, जी गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही. आपण काही न सांगताही हा डबा चालू चॅनलचा मागचा तासाभराचा भाग स्वतःच धरून ठेवतो. तुम्हाला कधी मागे जायचं झालं तर असावा म्हणून. पण ते उसनं असतं. चॅनल बदललं की रिकामं. डबा बंद झाला की रिकामं. आणि कापसानं भरलेल्या बैलबंडीत पुढून आणखी कोंबलं की मागून गळतं, तसं नवं आत येतं आणि जुनं मागून गळून जातं. सगळी मॅच त्या डब्यात होती. कोणी चॅनल बदललं नसेल तर. आणि मी विचार करत उभा होतो तेवढ्या वेळात तिची सुरुवात मागून गळत होती.

मी ओसरीत घुसलो. पुंडलिकरावांचा धाकटा भाऊ मधुकर रिमोट हातात घेऊन टीव्हीसमोर उभा होता.

"मधुकरभाऊ, बटन दाबू नोको."

"काहून?"

"चॅनल बदललं तर मॅच गेली."

"मॅच तर झाली ना बुवा. पेढा घ्या पह्यले. बातम्यायवर आपली पोट्टी दाखवून राह्यले अशीन, थे पाहू द्या."

"अबे, नोको म्हणतो ना."

"अबे कोणाले म्हणता? माह्या घरचा रिमोट आहे."

मी त्याच्या हाताला धरलं. त्यानं हात वर केला. तो उंच, मी बुटका. सगळं गाव हसायला लागलं, त्यांना वाटलं म्हातारा खुशीत नाचून राहिला. मी ओरडून सांगितलं, "वहिनीनं ज्याच्यासाठी डब्बा घेतला थे यातच आहे, आन तू थे पुसून राह्यला." तेव्हा मधुकरचा चेहरा उतरला. त्यानं रिमोट असा माझ्याकडे दिला, जणू तो गरम तवा होता.

तेवढ्यात पंखा मंद झाला. चारला त्या गावची लाईन जायची हे मला माहीत होतं. इन्व्हर्टर होता, पण बॅटरी जुनी, आणि गर्दीसाठी दोन पंखे लावलेले. मी म्हटलं, पंखे बंद करा. कोणी केले ते पाहायला मी थांबलो नाही. मागे नेण्याचं बटन दाबलं. चित्र उलटं पळायला लागलं. बक्षीस घेणाऱ्या पोरी उलट्या पायांनी मंचावरून उतरल्या, उड्या मारणाऱ्या पोरी खाली बसल्या, चढाईवाल्या मागे मागे आपल्या अंगणात गेल्या. एके ठिकाणी चित्र अडलं. मागून कोणीतरी म्हणालं, याच्या आंधी दोन चढाया झाल्या होत्या. याच्या मागे काही उरलं नव्हतं. मी लाल बटन दाबलं, म्हणजे तिथून पुढचं उसनं डब्यात कायमचं साठवलं जातं.

लाल दिवा लागला.

आणि लाईन गेली. टीव्ही गेला, डबा गेला, लाल दिवा गेला. इन्व्हर्टरनं एक हिसका खाल्ला आणि मग पकड घेतली. डबा पुन्हा जागा व्हायला वेळ घेतो, तोंडावर नुसत्या रेघा फिरतात. मघाशी नाचणारी माणसं त्या रेघांकडे पाहत बसली होती. मी डब्यासमोर खाली बसलो.

डबा जागा झाला. मी साठवलेल्याची यादी उघडली. मॅच होती.

मान वर केली तर कांताबाई दारात. डोक्यावर कापसाचं गाठोडं, पाय मातीनं भरलेले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आहे ना भाऊ?"

"आहे. सुरवातीचं थोडं गेलं."

"केवढं?"

"दोन चढाया."

"तिच्या?"

मी पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "एक तिची होती."

कांताबाईंनी मान हलवली आणि गाठोडं उतरवलं. ती एक चढाई मला आजही डाचते. मधुकरनं रिमोट लवकर सोडला असता तर वाचली असती. मधुकर म्हणतो मी आणखी लवकर यायला पाहिजे होतं. भेटलो की आम्ही अजून यावर वाद घालतो.

त्यांनी हातपाय धुतले आणि टीव्हीसमोर बसल्या. मी सुरू केलं. गाव मागे उभं राहून पुन्हा पाहायला लागलं, आणि लोकांच्या तोंडाला कुलूप कुठलं.

"वयनी, आता पाहा, आता पकडते थे पोट्टीले."

"चूप बसा ना भाऊजी. मले मालूम नाई."

"जिकलो हे तर मालूम आहे ना."

"थे येगळं."

पहिल्या चढाईला त्यांनी डोळ्यांसमोर पदर धरला. दुसऱ्या चढाईला पदर खाली आला. नंतर त्या पुढे सरकत सरकत टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की मला म्हणावं लागलं, मागं बसा बाई, जवळून एचडीबी फुटकंच दिसते. मध्यंतराच्या आधी वैष्णवी एक चढाई मारून परत आली. सगळे ओरडले. कांताबाई ओरडल्या नाहीत.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "मागं घ्या थोडं."

मी घेतलं. चढाईनंतर वैष्णवी रेघेपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"पोट्टी उजव्या पायावर उभी आहे."

"मंग?" मधुकर म्हणाला.

"लहानपणापासून डाव्या पायावर भार देऊन उभी राह्यते थे. पाण्याच्या रांगेत उभी राहो का शायेत. डाव्या पायाले काही झालं तिच्या."

सगळ्या गावानं ती मॅच एकदा पाहिली होती. मीही आता पाहत होतो, आणि मला चित्रातला दोरा अन् दोरा दिसतो अशी माझी घमेंड. कोणालाच काही दिसलं नव्हतं. कांताबाईंनी पुंडलिकरावांचा मोबाईल घेतला आणि लेकीला लावला. आजूबाजूला गोंगाट होता म्हणून पुंडलिकरावांनी आवाज मोठा केला, आम्हाला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"आई, जिकलो आमी. फटाके फोडले का?"

"फोडले. डाव्या गुडघ्याले काय झालं तुह्या?"

पलीकडचा गोंगाट कमी झाला, पोरगी बाजूला सरकली असावी.

"तुले कोणं सांगतलं? मी तर कोणाले बोललीच नाई. दोन्हीकडे पट्टे बांधले होते म्या."

"कोणंच नाई सांगतलं. मी पाह्यलं."

"तू पाह्यलं?"

"हो."

मग पोरगी हळू आवाजात म्हणाली, "पुरी मॅच पाह्यली?"

"पुरी कोठी, आर्धीच झाली. तुह्यासाठी थांबवून ठेवली. दवाखान्यात दाखव आंधी पाय, आन ठेव आता फोन. मले बाकीची पाहू दे."

त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला, माझ्या हातातून रिमोट घेतला, आणि मला न विचारता बटन दाबलं.